आकिलीनाच्या गाडीची आंघोळ

आकिलीनाने मोटरसायकलला आंघोळ घातली ही गोष्ट किहनू बेटावर अजून सांगतात, आणि सांगणारे हटकून चुकीची सांगतात. कोणी म्हणतं म्हातारीला वेड लागलं होतं. कोणी म्हणतं तिने गाडीची पाठ बर्चच्या डहाळ्यांनी झोडपली. पलीकडच्या किनाऱ्यावर तर म्हणे असंही सांगतात की गाडी सौनातून, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरातून, बाहेर आली आणि तिने बिअर मागितली. हसोत बापडे! त्या उन्हाळ्यात ज्यांनी एक नट फिरवला नाही त्यांनाच सगळ्यात जास्त तोंड फुटलंय. झालं ते असं.

टाम्मिकू घरची आकिलीना तेव्हा सत्तरी ओलांडून गेली होती. ठेंगणी, मनगटं रुंद, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, लाल पट्ट्यांचा घागरा आणि एप्रनच्या खिशात कायम एक अर्धवट विणलेला हातमोजा. बोलताना विणायची, चालताना विणायची, चर्चमध्ये पाद्रीबाबांचं लांबलं तर तिथेही सुया बाहेर निघायच्या. हात रिकामे असायचे नाहीत. फक्त मोटरसायकलवर बसली की विणकाम खिशात जायचं, कारण तिथे दोन्ही हातांना काम असायचं.

गाडी रशियन, जड, शेजारी साइडकार जोडलेली. सोव्हिएत काळात तिच्या नवऱ्याने, फ्योदोरने, हेरिंग मासळीचा एक हंगाम फार चांगला गेला तेव्हा घेतली आणि बोटीच्या डेकवर दोरांनी आवळून आणली. सगळं गाव धक्क्यावर बघायला गेलं होतं. फ्योदोरने गाडी अंगणात लावली, सीटवर दोनदा हात फिरवला आणि मोठ्या बोटीवर निघून गेला तो वसंतात परत यायला. आता सांगा, गाडी अंगणात आणि चालवणारा समुद्रात. मग करायचं काय, बघत बसायचं? बाकीच्या बेटावर जे बायका करतात तेच आकिलीनाने केलं. घर चालवायचं, शेत चालवायचं, मेंढरं चालवायची, त्यात आणखी एक. गवताच्या कुरणात गाडी ढकलत नेली आणि तीनचार दिवस तिथे गोल गोल फिरत राहिली.

फ्योदोर आला तेव्हा ती त्याला घ्यायला धक्क्यावर गाडी घेऊनच गेली.

"कुणी शिकवलं तुला?" त्याने विचारलं.

"कुंपणाने," ती म्हणाली.

कुंपण अर्धं आडवं झालं होतं, हे त्याला घरी आल्यावर कळलं.

त्यानंतर त्या साइडकारमधून काय गेलं नाही ते विचारा. बटाट्याची पोती, मेंढ्या, दुधाच्या किटल्या, शवपेटीच्या फळ्या, शाळेच्या बाई. एका हिवाळ्यात समुद्र गोठलेला, हेलिकॉप्टर धुक्यामुळे येईना, आणि शेजारच्या रोसीला कळा सुरू झालेल्या. आकिलीनाने तिला मेंढीच्या कातड्यात गुंडाळून साइडकारमध्ये बसवलं आणि बर्फावरून थेट पलीकडे नेलं. बर्फावर थांबायचं नसतं, थांबलं की बर्फ कुरकुरतो. रोसी ओरडत होती, "थांब गं, थांब!" आणि ही ओरडत होती, "तू थांब! बाळाला सांग थांबायला!" पोरगा पलीकडे पार्नू शहराच्या दवाखान्यात झाला. आज तो फेरीबोटीवर काम करतो आणि आकिलीनाला सगळ्यांच्या आधी चढू देतो.

स्वतः मात्र ती त्या साइडकारमध्ये कधी बसली नाही. फ्योदोर एकदोनदा म्हणाला होता, "बस ना, आज मी नेतो तुला." ती म्हणायची, "मी बसणारी नव्हे, बसवणारी." फ्योदोर गेला तेव्हा रीतीप्रमाणे ती काळ्या घागऱ्यात आली, मग काळ्यात निळा पट्टा आला, मग कित्येक वर्षांनी एकेक लाल पट्टा परतला. गाडी मात्र तशीच चालू राहिली. दर शरदात ती गाडीच्या सांगाड्याला सीलची चरबी चोळायची. तिचा बाप बोटीच्या नांगराला आणि साखळ्यांना चोळायचा तशीच. खाऱ्या वाऱ्यावर दुसरं औषध नाही असं ती म्हणायची. हे चरबीचं लक्षात ठेवा.

त्या वसंतात तिच्या नातीचं, इंगेलचं लग्न ठरलं. इंगेल पार्नूला नर्स होती, पण तिचे सगळे उन्हाळे आजीकडे गेलेले, निम्मे त्या साइडकारमध्ये. लहानपणीच तिने जाहीर करून टाकलं होतं की मी नवरी होऊन चर्चला जाणार ती आजीच्याच गाडीतून. मुलगा, राउनो, पलीकडचा, बोटी बांधण्याच्या कारखान्यात कामाला. पोरगा गुणाचा. त्याची आई मेरिके घर बघायला आली. बाई वाईट नव्हती, नुसती काळजीची पिशवी होती. तिने साइडकारच्या कडेला हात टेकला आणि गंजाचा एक पापुद्रा तिच्या तळहातावर आला. ती त्या पापुद्र्याकडे बघत राहिली.

"आकिलीनाबाई," ती हळूच म्हणाली, "आम्ही फेरीबोटीवरून एक पांढरी गाडी आणू का? भाड्याने मिळते. छान फुलं लावून."

आकिलीनाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आमच्या दारची नवरी भाड्याच्या गाडीतून? या घरातून आजवर एक नवरी चाकांवर भाडं देऊन गेली नाही."

"पण ही गाडी... ही तुटली तर?"

आकिलीनाने साइडकारला हळूच एक हिसका देऊन पाहिला. कारण गेली दोन वर्षं वळणावर साइडकार थोडी कुरकुरते हे तिलाही ऐकू येत होतं.

इंगेलने मधला मार्ग काढला. "आजी, तू गाडी नीट कर. वासिलीआजोबांनी बघून हो म्हटलं, तर मी तुझ्यासोबत. नाही म्हटलं, तर पांढरी गाडी. आणि मग रुसायचं नाही."

"वासिली?" आकिलीना म्हणाली. "तो तर भंगार सोडून कशालाच हो म्हणत नाही."

वासिली म्हणजे फ्योदोरचा धाकटा भाऊ, आकिलीनाचा दीर. सगळा जन्म ट्रॅक्टर आणि बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेला. डोळे मिटून इंजिन उघडायचा, पण तोंड मिटणं त्याला कधी जमलं नाही. तो आला, गाडीभोवती एक फेरी मारली, मडगार्डला टिचकी मारली.

"वहिनी, ही गाडी नाही. हे गंजाचं गाठोडं आहे, वर सीट बसवलीय."

"तुझ्या दातांपेक्षा बरं आहे. निदान स्वतःचं तरी आहे."

"इंजिन मी बघतो. इंजिनात जीव आहे. पण चेसिस? आणि हे नट-बोल्ट बघ! हा ट्रॅक्टरचा, हा बोटीचा, हा तर दाराच्या बिजागरीचा दिसतोय!"

"बिजागरीचाच आहे. त्या दिवशी दुसरा नव्हता."

"दार कुठे गेलं मग?"

"दार आहे. उघडतं जरा सांभाळून."

अशी सुरुवात झाली. आकिलीनाने गाडी बोटीच्या शेडमध्ये घेतली आणि सोडायला बसली. प्रत्येक बोल्टला वेगळा पाना लागायचा, कारण गेल्या पन्नास वर्षांत जो हाताला लागला तो तिथे गेलेला. काही पान्याने सुटले, काही रॉकेल पाजून सुटले, काहींची डोकी तुटून हातात आली आणि ते ड्रिलने कोरून काढावे लागले. आणि हे सगळं परत कुठे जायचं हे लक्षात ठेवायला तिने काय केलं असेल? लोकरीचे धागे. पुढच्या चाकाचे नट-बोल्ट लाल धाग्यात ओवले, मागचे निळ्यात, इंजिनाचे हिरव्यात, साइडकारचे पिवळ्यात, वॉशरसकट, जसे निघाले त्याच क्रमाने. शेडच्या भिंतीवर माळा लटकल्या.

वासिली दारात उभा राहून बघत होता. "गाडी दुरुस्त करतेस की स्वेटर विणतेस?"

"तुझ्या डब्यांपेक्षा बरं. तुझ्या गॅरेजात सगळे बोल्ट एका बादलीत नांदतात."

"एकत्र कुटुंब आहे ते."

पुढच्या आठवड्यात त्याच्या स्वतःच्या गॅरेजात एका पंपाचे बोल्ट निळ्या धाग्यात ओवलेले दिसले. रोसीने पाहिले. ती कशाला गप्प बसेल!

साइडकार मुख्य सांगाड्याला चार ठिकाणी धरलेली असते. तीन जोड सुटले. चौथा, मागचा खालचा, जागचा हलेना. तिथला बोल्ट फ्योदोरने स्वतः बोटीच्या जुन्या दांड्यातून कानशीने घासून केलेला, आणि नट गंजून त्याच्याशी एकजीव झालेला. आकिलीनाने रॉकेल घातलं, हातोडीने ठोकलं, पान्याला लांब नळी लावून लोंबकळली. पाना घसरला आणि ती जाळ्यांच्या ढिगावर जाऊन पडली. शेवटी त्या जोडाचं साइडकारकडचं टोक सोडून ती वेगळी केली आणि जोडाचा पायासारखा लोखंडी दांडा सांगाड्यालाच चिकटून राहिला.

"ग्राइंडरने कापू," वासिली म्हणाला.

"नाही."

"वहिनी, फ्योदोरचा बोल्ट आहे म्हणून का?"

"आहेच त्याचा. पण ग्राइंडर जरा जरी आत गेला तर सांगाड्याच्या नळीला खाच पडेल. मग खाच पडलेल्या नळीवर नवरी बसवू?"

वासिलीने मान हलवली, म्हणजे पटलं. पण मग तो गंभीर झाला, आणि वासिली गंभीर झाला की लोक घाबरतात. "बघ वहिनी. कुरकुर तिथूनच येत होती. त्या जोडाखाली नळी कशी आहे हे बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. आत कुजली असेल तर भर वळणावर साइडकार नवरीसकट खंदकात जाईल. तू कितीही रंग फास."

आकिलीनाने पाना बाजूला टाकला. तिला माहीत होतं तो बरोबर आहे, आणि म्हणूनच तिला त्याचा जास्त राग आला. तिने तो जोड शेवटी ठेवला आणि बाकीचा सांगाडा घासायला घेतला. तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर जाडा, मग बारीक. बोटांची सालं निघाली. लग्न जवळ येत चाललं होतं. पुढचे कितीतरी दिवस शेडमधून घासण्याचा आवाज यायचा आणि मधेच तिचं गाणं, ते लग्नात नवरीच्या घरच्या बायका म्हणतात ते, तेवढीच पहिली ओळ परत परत.

मग एका दुपारी सांगाडा तुळईला जाळ्याच्या दोराने टांगून तिने त्याला लाल अस्तर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, मारलं. तेवढ्यात रोसी आली.

"अगंबाई! लाल? म्हणजे गाडीचाही शोक संपला म्हणायचा!"

"अस्तर आहे गं ते. वर काळा मारणार."

"राहू दे लालच. शोभतो. तुलाही कोणीतरी मागणी घालायला येईल."

दोघी हसल्या. आकिलीना त्या दिवशी खूश होती. सांगाडा सारखा, सपाट, नव्यासारखा दिसत होता. तिने इंगेलला फोन करून सांगितलंही, "पांढऱ्या गाडीवाल्याला सांग, बस घरीच."

सकाळी ती शेडमध्ये गेली आणि दारातच थांबली. अस्तर जागोजागी गोळा झालं होतं, तेलकट तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं. कुठे थेंब, कुठे उघडं लोखंड. तिने अंगठा फिरवला तर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा रंग सोलून आला. एवढी घासाघीस, आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी!

वासिली आला, वाकला आणि नळीला नाक लावून वास घेतला. मग जो हसत सुटला तो खोकला येईपर्यंत.

"सील! वहिनी, ही गाडी नाही, हा सील आहे! पन्नास वर्षं चरबी चोळलीस, सांध्यासांध्यात भरली आहे ती. वरवर घासून जाते होय? यावर रंग बसेल? अगं माशाला रंग लावून बघ, तो आधी धरेल!"

"हस. हसून घे."

"हसू नको तर काय करू? अख्ख्या जगात ही चूक फक्त तूच करू शकतेस!"

तो गेला. आकिलीना शेडबाहेर पालथ्या होडीवर बसली आणि रडली. दुःखाने नाही, संतापाने. स्वतःवर, वासिलीवर, सीलवर, बापावर, ज्याने चरबी चोळायला शिकवलं. एवढ्या वर्षांच्या काळजीने शेवटी असं करावं? संध्याकाळी इंगेलचा फोन आला. मेरिकेने फेरीबोटीवर पांढऱ्या गाडीची जागा राखून ठेवली होती, "नुसती सोय म्हणून." आकिलीना म्हणाली, "बरं केलं." आणि अस्तराबद्दल एक अक्षर बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मेंढ्यांची लोकर धुवायची होती. जगबुडी आली तरी लोकर धुवावीच लागते. ती कढत पाण्यात लोकर बुडवत होती, राखेचं निवळलेलं पाणी घालत होती, आणि पाण्यावर लोकरीची चरबी तरंगून येत होती, पिवळी, पातळ. ती थांबली. हात पाण्यात तसेच. मग तशीच ओल्या हातांनी वासिलीच्या घरी गेली.

"शनिवारी सौना तापवायची आहे."

"दर शनिवारी तापवतो. नवीन काय त्यात?"

"आधी गाडी जाणार."

वासिलीने चमचा खाली ठेवला. "कोण जाणार?"

"चेसिस. लोकरीची चरबी कशाने जाते? कढत आणि राखेच्या पाण्याने. मग लोखंडाची का नाही जाणार? तापवली की सांध्यांतून बाहेर येईल, आली की घासायची, परत तापवायची."

"माझ्या आधी गाडी? माझी पाठ तीन दिवस धरली आहे, आणि माझ्या आधी ती गंजकी—"

"तिची पाठ पन्नास वर्षं धरली आहे," आकिलीना म्हणाली. "आणि पुरुषासारखी कण्हली नाही."

शनिवारी दुपारी दोघांनी सांगाडा सौनाच्या दारातून आत घातला. सरळ जाईना, तो चिकटलेला पाय मधे येत होता, आडवा केला, उभा केला, वासिली शिव्या घालत होता, रोसी बाहेरून सूचना देत होती, "डावीकडे! अगं दुसरीकडचं डावीकडे!" शेवटी गेला. खालच्या बाकावर ठेवला. भट्टीत बर्चची लाकडं घातली, दार लावलं.

थोड्या वेळाने दार उघडलं तेव्हा काय वास! अख्खा शिकारीचा हंगाम एका खोलीत कोंडल्यासारखा. गावातली सगळी मांजरं दाराशी येऊन बसली. सांगाड्याला घाम फुटला होता. जोडांमधून, नळ्यांच्या टोकांतून, बोल्टांच्या भोकांमधून पिवळी चरबी ओघळत होती. आकिलीना घागरा खोचून आत शिरली आणि राखेच्या कढत पाण्याने, ताठ ब्रशने घासायला लागली. वासिलीही शिरला. दोघं लालबुंद, घामाने निथळत, मधे लोखंड. घासायचं, पाणी ओतायचं, बाहेर येऊन श्वास घ्यायचा, परत तापवायचं. तिसऱ्यांदा पाणी ओतलं तेव्हा ते नळीवर थेंब थेंब न होता सरळ पसरलं. आकिलीनाने बोट फिरवलं. बोट कोरडं करकरलं.

"गेली," ती म्हणाली.

वासिली त्या चौथ्या जोडाकडे बघत होता. तिथूनही चरबी आली होती, बोल्टाच्या बुडाशी ओलं दिसत होतं. त्याने पान्याकडे हात नेला.

"मी," आकिलीना म्हणाली.

लोखंड हात लावता येणार नाही इतकं तापलेलं. तिने हातमोजे घातले, तेच खिशातले, एक पूर्ण आणि एक अंगठ्याविना. पाना लावला, पान्याला नळी लावली, पाय भिंतीला टेकवला आणि ओढलं. काही नाही. परत ओढलं. कर्र असा एक आवाज झाला आणि तिला वाटलं पाना घसरला. पाना घसरला नव्हता. नट फिरला होता.

बाहेर गवतावर आणून जोड उघडला. दोघंही आधी वाकेनात. मग वासिली वाकला. जोडाखालची नळी गंजलेली असेल, खड्डे पडले असतील, भोक असेल, काय काय वाटलं होतं. नळी राखाडी होती, गुळगुळीत, कारखान्यातून निघाली त्या दिवसासारखी, आणि तिच्यावर अजूनही चरबीचा थर, बंद जोडात अडकून राहिलेला. कुरकुर येत होती ती झिजलेल्या बोल्टाची. वासिलीने छोट्या हातोडीने नळी वरपासून खालपर्यंत ठोकली. घंटेसारखी वाजली. त्याने परत ठोकली, कदाचित नुसती ऐकायला.

"चरबी," तो म्हणाला. "तुझ्या त्या चरबीने राखली. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर इथे हात आरपार गेला असता." मग घसा खाकरला. "हो म्हणतो मी, वहिनी. लिहून हवं असेल तर लिहून देतो."

आकिलीनाला इतका आनंद झाला की तिने त्याच्या पाठीत, नेमकी धरली होती तिथेच, एक धपाटा घातला. वासिली ओरडला. पण जाताना त्याने फ्योदोरचा तो बोल्ट गवतातून उचलला. "हा मला दे." त्याने तो खिशात टाकला आणि त्या दिवशी आणखी एकही टोमणा मारला नाही.

त्यानंतर सगळं सरळ झालं. जोडाखालचीही चरबी धुऊन परत लाल अस्तर, आणि ते गोचिडासारखं चिकटलं. मग बोटीला मारतात तो काळा रंग, पातळ पातळ तीन हात. राउनो एक खोका घेऊन आला, कारखान्यातून आणलेले स्टेनलेसचे बोल्ट, चकचकीत. लाजत लाजत पुढे केला.

"मडगार्डला, दिव्याला, झाकणांना हे," आकिलीना म्हणाली. "साइडकारच्या चार जोडांना वासिलीने मागवलेले, कडक पोलादाचे. तिथे चमकणारं नको, ओढ सोसणारं हवं."

"नातजावई तसाच बघितलाय ना?" वासिली म्हणाला.

"जरा चमकतो," आकिलीना म्हणाली, "पण सोसेल." राउनो हसला आणि बाह्या वर करून तिच्याबरोबर बसला. ती भिंतीवरच्या माळा काढायची, धागा तोडायची, जुना बोल्ट बघून नवा काढायची, तो बसवायचा, ती शेवटचा वेढा स्वतः द्यायची. चौथा जोड तिने कुणाला बसवू दिला नाही.

लग्नाच्या दिवशी पांढरी गाडी आली. फेरीबोटीवर जागा राखली होती ना, मग आली. तिच्यात मेरिके बसली, आणि केक. पुढे आकिलीनाची गाडी, साइडकारमध्ये इंगेल, लाल घागऱ्यात, डोक्यावर मुकुट, मांडीवर रुखवताच्या पेटीतले हातमोजे. अख्खं बेट रस्त्यावर. काळा सांगाडा उन्हात असा चमकत होता की पोरं त्यात तोंडं बघायला धावत होती. मोठ्या वळणावर आकिलीनाने मुद्दाम वेग कमी केला नाही. साइडकारने एक शब्द काढला नाही. मागे पांढरी गाडी चर्चपर्यंत तिचा धूर खात आली, आणि मला विचाराल तर, छान झालं.

लग्न लागलं. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईला एप्रन बांधतात, आणि खरं तर ते घरी गेल्यावर. पण इंगेलने हट्ट धरला की इथेच बांधा, चर्चच्या फाटकाशी. बायका कुजबुजल्या. आकिलीनाने स्वतः विणलेला एप्रन नातीच्या कमरेला बांधला, गाठ मारली, आणि गाडीकडे वळली. इंगेल आधीच तिथे पोचली होती. ती साइडकारमध्ये बसली नव्हती. घागरा सावरून सीटवर बसली होती, दोन्ही हात हँडलवर.

"बस, आजी," ती म्हणाली.

"मी?"

"एप्रनवाली चालवते ना आपल्याकडे? तूच शिकवलंस, त्याच कुरणात. बस."

फाटकापाशी जमलेली सगळी माणसं माना उंचावून बघायला लागली. आकिलीनाने तोंड उघडलं. ते जुनं 'बसणारी नव्हे, बसवणारी' तिच्या जिभेवर आलं होतं हे वासिलीला दिसलं. पण ती ते बोलली नाही. तिने घागरा गोळा केला, एक पाय आत टाकला, मग दुसरा, आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा आपल्याच साइडकारमध्ये बसली. डोळे भरून आले होते आणि तिने ते लपवले नाहीत.

किती खाली असतं ते! तिथून सगळा सांगाडा दिसत होता, वरून कधी न दिसलेला, काळा, अखंड, आणि कमरेशेजारी चौथा जोड, तिने आवळलेला. गाडी निघाली. हादरा असा बसलाच नाही. आकिलीनाने खिशातून अंगठ्याविना राहिलेला हातमोजा काढला आणि विणायला लागली.

"भीती नाही ना वाटत, आजी?" वळण जवळ आलं तशी इंगेल ओरडली.

"भीती कसली?" आकिलीना ओरडली. "गाडी मी बांधली आहे! तू चालव!"